कुकरच्या तीन शिट्ट्या

शनिवारी रात्री तुमच्या घरात हमखास ऐकू येणारं एक वाक्य सांगू? ‘उद्या रविवार. उद्या सगळं घर आवरून काढू!’ आई म्हणते, बाबा मान डोलावतात, तुम्हीही ‘हो हो’ म्हणून मोकळे होता. मग रविवार उजाडतो. पोहे होतात, कुणीतरी पाहुणे टपकतात, मॅच असते, दुपारी सगळ्यांचा डोळा लागतो आणि संध्याकाळी एकदम गृहपाठ आठवतो. पसारा जिथल्या तिथे. ‘चला, आता पुढच्या रविवारी!’

आमच्याकडेही अगदी हेच चालायचं. घरात आम्ही सहा माणसं. आई, दादा, वहिनी, नववीतले भाचेबुवा, सहावीतली भाची आणि मी. तीन खोल्या आणि एक माळा. त्या माळ्यावरच्या एका ट्रंकेची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. सांगताना मला थोडी लाजही वाटतेय, पण सांगते.

२०१५ च्या मे महिन्यात आमचं गावचं घर विकलं, तेव्हा आजीची पत्र्याची ट्रंक टेम्पोतून आमच्याकडे आली. आजी त्याआधी दोन वर्षं गेली होती. ट्रंकेत तिची दोन नऊवारी लुगडी, चष्म्याचं घर आणि एक दोनशे पानी वही. आजी शाळेत जेमतेम चौथीपर्यंत गेलेली. पण दळताना म्हणायच्या ओव्या तिनं म्हातारपणी त्या वहीत पेन्सिलीनं उतरवून ठेवल्या होत्या. काही तिच्या आईच्या, काही सासूच्या, काही तिच्या स्वतःच्या. मी वही चाळली आणि म्हटलं, ‘ही निवांत बसून चांगल्या अक्षरात लिहून काढते. दिवाळीच्या सुट्टीत.’ तोवर ट्रंक गेली माळ्यावर.

दिवाळी आली नि गेली. मग उन्हाळ्याची सुट्टी. मग पुन्हा दिवाळी. माळ्याकडे नजर गेली की मी मनात म्हणायची, ‘अरे हो, ट्रंक!’ आणि दुसऱ्याच कामाला लागायची. अशी चार वर्षं गेली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाऊस मुक्कामालाच आला होता. माळ्याच्या भिंतीला ओल आली. ती कुठवर गेलीय ते बघायला दादा स्टुलावर चढला आणि म्हणाला, “अगं, ही मातीची रेघ कसली इथे?”

वाळवी! आमचं घर तळमजल्यावर. वाळवीला उजेड नि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती मातीची बारीक नळी बांधत बांधत, त्या नळीच्या आतून चालत येते. लाकूड, कागद, सुती कापड, ज्यात ज्यात सेल्युलोज असतं ते सगळं तिचं जेवण. माळ्याच्या फळीतून ती वर आली होती आणि ट्रंकेच्या गंजलेल्या तळाला पडलेल्या भोकातून आत शिरली होती. वही वरून शाबूत दिसत होती हो! उचलली तर रिकाम्या काडेपेटीसारखी हलकी लागली. उघडली तर मधे नुसती माती. पुठ्ठा आणि शेवटची दोन पानं तेवढी उरली होती. त्यांवर अकरा ओव्या, त्यातल्या सात अर्ध्या खाल्लेल्या.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी, त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी जाऊन बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. केवढं मोठं काम! पण आमच्या आजीकडे कुणी पोचलं नव्हतं. तिच्या ओव्यांची राखण करायला माणूस एकच होतं, ते म्हणजे मी.

मी तिथेच माळ्याखाली बसून रडले. भाची शेजारी उभी होती. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, “आत्तू, मी प्रोजेक्ट शेवटच्या रात्री करते म्हणून तू मला रागावतेस ना?” काय उत्तर देणार, सांगा!

नंतर मी पुष्कळ विचार केला. मी आळशी आहे का? हे पान मी दर आठवड्याला वेळेवर देते. दळण, बँक, आईची औषधं, सगळं वेळच्या वेळी होतं. मग ट्रंकच का राहिली? कारण ती उघडायची म्हटलं की आजी आठवायची आणि घशाशी काहीतरी यायचं. ते नको म्हणून मी टाळत होते. टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली एका लेखात नेमकं हेच मांडलंय. चालढकल करणाऱ्याला वेळ पुरत नाही असं नसतं. ते काम समोर आलं की मनाला जे नकोसं वाटतं, त्यातून तो तात्पुरती सुटका करून घेत असतो. तुमच्या गणिताच्या वहीचंही असंच होतं की नाही? वही उघडली की न सुटलेलं गणित दिसणार, म्हणून आधी पेन्सिलीला टोक करू, मग पाणी पिऊन येऊ, मग दप्तर लावू...

आणि पसारा म्हणजे तरी काय? प्रत्येक वस्तू आपल्याला एकेक प्रश्न विचारत असते. मला ठेवायचं का? कुठे? कुणाला द्यायचं? अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात संशोधकांनी बत्तीस कुटुंबांची घरं अशी बारकाईनं पाहिली होती. त्यांपैकी एका घरातल्या फक्त तीन खोल्यांत, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू भरल्या २,२६०! कपाटाच्या आतल्या वेगळ्याच. आता सांगा, दोन हजार प्रश्नांची उत्तरपत्रिका एका रविवारी कोण सोडवणार? (तुमच्या टेबलावरच्या वस्तू आज मोजून बघा बरं. मी माझ्या मोजल्या. आकडा सांगणार नाही.)

उपाय काढला वहिनीनं. ती इस्पितळात नर्स आहे. तिच्या पाळ्या बदलत असतात, कधी दिवसाची, कधी रात्रीची. ती म्हणाली, “अख्खा मोकळा रविवार आपल्याला या जन्मी मिळायचा नाही. मी आता कुकर लावतेय. तीन शिट्ट्या होईपर्यंत तुम्ही टीव्हीखालचा एक खण आवरा. एकच हं! तिसरी शिट्टी झाली की हात झाडून उठायचं.”

आम्ही तिघं बसलो. पहिली शिट्टी व्हायला वेळ लागतो, हे तुम्हाला माहीत असेलच. पुढच्या दोन कशा भराभर येतात! त्या खणात काय निघालं म्हणता? सतरा बॉलपेनं, त्यातली लिहिणारी चार. कधीच्या काळी मोडीत गेलेल्या टीव्हीचा रिमोट. कुलूप नसलेल्या पाच किल्ल्या. गेल्या राखीपौर्णिमेच्या राख्या, मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं, मोबाइलची एक फुगलेली बॅटरी आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा. पत्रिका कुणी टाकत का नाही, ठाऊक आहे ना? वर गणपती असतो! टाकवत नाही आणि ठेवूनही करायचं काय ते कळत नाही. भाचीनं कात्री घेतली आणि गणपती कापून काढले. आता तिच्या सगळ्या पुस्तकांत खुणेला गणपतीबाप्पा आहेत. फुगलेली बॅटरी मात्र मुलांनी हाताळायची नाही, कचऱ्यातही टाकायची नाही. तिला दाब बसला, भोक पडलं तर ती पेट घेऊ शकते. दादानं ती जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू घेणाऱ्यांकडे नेऊन दिली.

तिसरी शिट्टी झाली तेव्हा भाचेबुवांना जोर चढला होता. “आता खालचा खणपण काढू!” वहिनीनं साफ नाही सांगितलं. आणि इथेच तिची खरी हुशारी. आजवर आम्ही काय करत होतो? सगळं कपाट एकदम पलंगावर उपसायचं, दोन तासांत दमायचं आणि झोपायला पलंग हवा म्हणून रात्री सगळं पुन्हा आत कोंबायचं. अजून करावंसं वाटत असतानाच थांबलं की दुसऱ्या दिवशी बसायला कंटाळा येत नाही. दुसऱ्या दिवशी कुकर लावायच्या आधीच भाचेबुवा खणासमोर हजर!

पण त्यांचा उत्साह एकदा भलताच अंगाशी आला. आईच्या डब्यातली एक गंजलेली किल्ली त्यांनी परस्पर भंगारवाल्याच्या गोणीत टाकली. ती होती आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळाची चावी. घड्याळाला आई दर सोमवारी चावी देते. सोमवारी घरात जे काही झालं ते विचारूच नका. नशीब, भंगारवाले काका कोपऱ्यावरच भेटले आणि त्या भल्या माणसानं आख्खी गोणी रस्त्यावर ओतून चावी शोधून दिली. तेव्हापासून आमच्या घरात कायदा झालाय, प्रत्येकानं आपापल्याच वस्तूंचा निकाल लावायचा. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारायचं. आईबाबा, तुम्हीही हे पान वाचता, मला माहीत आहे. हा कायदा तुम्हालाही लागू आहे बरं का! मूल शाळेत गेलेलं बघून त्याचे नदीकाठचे गोटे आणि बसची तिकिटं केराच्या टोपलीत टाकायची नाहीत.

आवरताना आम्ही ढीग करतो. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. रद्दी रद्दीवाल्याला, जुने कपडे बोहारणीला (तिच्याशी घासाघीस करावी तर आईनंच), मागच्या इयत्तेची पुस्तकं खालच्या वर्गातल्या मुलांना. पण एक चौथा ढीग आपोआप वाढायला लागतो, ‘बघू नंतर’चा. तोच खरा लबाड! त्याच्यासाठी भाचीनं एक खोकं केलं आणि त्यावर जाड पेनानं तारीख घातली. त्या तारखेला खोकं उघडायचंच. पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत काय काय ठेवलं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं.

आवरलेलं आवरलेलं राहावं कसं, हे मला आजीच्या मिसळणाच्या डब्यानं शिकवलं. तो अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. सात वाट्या. मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट, मेथ्या, धनेपूड. दिवसातून दहा वेळा उघडतो, घाईघाईत सगळ्यांचे हात लागतात, तरी तो कधी ‘आवरायला’ काढावा लागत नाही. वीज गेली तरी हळद बरोबर हाताला लागते. का? प्रत्येकीला तिची वाटी आहे आणि वाट्या सातच आहेत. मग आम्ही खणातही बुटांच्या खोक्यांची झाकणं बसवली. पेनांचं झाकण एक, चार्जर आणि वायरींचं एक, किल्ल्यांचं एक. झाकण भरलं की नवं काही आणण्याआधी जुनं बाहेर. दादाचं वायरींचं झाकण अजूनही भरून वाहतंय. ते जाऊ दे, ती त्याची वस्तू आहे.

घर चकाचक झालं असं समजू नका. आजही कुणी अचानक आलं तर खुर्चीवरचे कपडे उचलून आत पळावं लागतं. पण माळा रिकामा आहे. आजीची दोन लुगडी वाळवीनं जागोजागी खाल्ली होती. धड उरलेल्या भागांची आईनं गोधडी शिवली. ती भाची पांघरते.

आणि ती दोन पानं? ती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून माझ्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवली आहेत. जवळच्या गावात माझी आत्या राहते, आजीची थोरली लेक, वय वर्षं एक्क्याऐंशी. अर्ध्या राहिलेल्या सात ओव्यांपैकी तीन तिनं मला फोनवर पुऱ्या करून सांगितल्या, म्हणजे म्हणूनच दाखवल्या. चौथी तिच्या ओठांवर होती, पण आठवेना. म्हणाली, “दळायला बसले की आठवेल गं, पण आता जातं कुठाय?” वहीत नसलेल्याही काही तिला येतात म्हणे.

हे लिहितेय तेव्हा बुधवार आहे. आत्याची दुपारची झोप पाचला संपते. आत्ता पाचला दहा कमी आहेत, आणि भाचीनं फोनमधलं रेकॉर्डिंग कसं चालू करायचं ते मला कागदावर लिहून दिलंय.