छप्पर कोणाचे, वीज कोणाची?

केंद्र सरकारने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजने’ला मंजुरी दिली. ७५,०२१ कोटी रुपये खर्चून एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसवावयाचे, हे तिचे उद्दिष्ट. प्रदूषणमुक्त विजेला कष्टकरी जनतेने विरोध करण्याचे कारण नाही. कोळशाची राख प्रथम तिच्याच वस्तीवर पडते. परंतु अशा योजनेचे मूल्यमापन किती किलोवॅट उभे राहिले एवढ्यावरून करणे ही धूळफेक होय. लाभ कोणाच्या पदरात पडला, हाच खरा निकष.

स्वतःच्या मालकीचे, संच बसविण्याजोगे छप्पर असलेले घर ही या योजनेची पहिली अट आहे. दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. उरलेली रक्कम पदरची घालावी लागते अथवा कर्ज काढावे लागते. चाळीतील भाडेकरू आणि पत्र्याच्या खोपट्यात राहणारा मजूर या हिशेबातून आपोआप वगळले जातात. अप्रत्यक्ष करांच्या रूपाने सरकारी तिजोरी भरण्याच्या वेळी मात्र त्यांना कोणी वगळत नाही!

गरिबांच्या दारी प्रकल्प नेला म्हणजे न्याय झाला, असेही नव्हे. बिहारमधील धरनई गावात २०१४ साली ग्रीनपीसच्या पुढाकाराने १०० किलोवॅटचा सौरप्रकल्प उभा राहिला. त्याची वीज सरकारी विजेहून महाग होती आणि तिच्यावर जड उपकरणे चालत नसत. ग्रामस्थांनी ‘असली’ विजेची मागणी केली. सरकारी वीज आल्यानंतर काही वर्षांत प्रकल्प बंद पडला. गरिबांसाठी दुय्यम वीज, तीही चढ्या दराने, हा समावेश नव्हे.

मार्ग नाही असे मुळीच नाही. एका सामाईक संचाची वीज अनेक घरगुती ग्राहकांच्या बिलांत वळती करण्याची तरतूद दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये केली. नगरपालिकांच्या शाळा, मंडया आणि कार्यालये यांची छपरे सार्वजनिक खर्चाने या कामी लावली, तर छप्पर नसलेल्यांनाही वाटा देता येईल. मात्र त्यासाठी प्रत्येक भाडेकरूला आधी स्वतःच्या नावाचे मीटर मिळाले पाहिजे.

म्हणून प्रत्येक वस्तीतील प्रकल्पाला तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत: पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा आणि घटलेले बिल कोणाचे? सूर्य कोणाच्याही मालकीचा नाही. त्याच्या प्रकाशाची वाटणी मालमत्तेच्या उताऱ्यावरून होत असेल, तर ती वाटणी बदलण्यासाठी संघटित झाले पाहिजे.