वाटेकरी

दुचाकीची जुनी क्लच-वायर भंगारात कुठेही मिळते. तिच्या एका टोकाला सरकफास करायचा, दुसरे टोक खैराच्या बुंध्याला आवळायचे आणि रानडुकराची रोजची वाट जिथे झुडपाखालून जाते, तिथे तो फास जनावराच्या छातीच्या उंचीवर टांगून घरी जायचे. बंदूक नको, पहारा नको, आवाजही नाही. अडकलेले जनावर मागे सरत नाही, पुढे रेटते, आणि जितके रेटते तितकी तार आत रुतते. गळ्यात पडली तर लवकर सुटका. कमरेत पडली तर रात्रभर तडफड, कधी त्याहून जास्त. डुकरासाठी लावलेल्या त्याच फासात सांबर येते, बिबट्या येतो, गाभण मादी येते. तारेला काही कळत नाही. कळायला हवे ते माणसाला.

चंदीगडमध्ये सुखना तलावाच्या काठाने पहाटे फिरायला जाणाऱ्यांना समोर शिवालिकच्या टेकड्या दिसतात. १९५८ साली डोंगरातून येणारा ओढा अडवून हा तलाव केला. तो गाळाने भरू लागला तेव्हा वरच्या पाणलोटाची जमीन ताब्यात घेऊन झाडे लावली, आणि १९९८ साली त्याच रानाला, सुमारे २६ चौरस किलोमीटरच्या पट्ट्याला, अभयारण्य म्हणून जाहीर केले. सांबर, चितळ, रानडुक्कर, साळिंदर, मोर, मधूनच बिबट्या. शहराच्या इतक्या लगत असे रान देशात फार थोड्या ठिकाणी उरले आहे. शिवालिकच्या याच रांगेत, काही मैल इकडे-तिकडे, तारेचे फास सापडतात.

फास लावणारा पकडला की बातमी येते. बातमीत त्याचे नाव असते, गाव असते, जात तर असतेच असते. पंजाब-हरियाणात बावरिया किंवा सांसी, आपल्याकडे पारधी. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. १९५२ साली स्वतंत्र भारताने तो कायदा रद्द केला, पण आपल्या डोक्यातून तो गेलेला नाही. रानात काही मेले की पहिली झडती पालावर पडते. एखादा पारधी फास लावतो आणि विकतो, हे खरे आहे, आणि तो गुन्हाच आहे. पण त्याने मारलेले साठ-सत्तर किलोचे डुक्कर त्याच्या पालावर शिजून संपत नाही. ते मांस कुठे गेले, हा प्रश्न पंचनाम्यात क्वचितच येतो.

मांस गेले ते शहराकडे, आणि गावातल्या बड्या घरांकडे. शहराबाहेरच्या फार्महाऊसवर "आज जंगली मिळालंय" असा निरोप फिरतो आणि शिकली-सवरली, मानाच्या पदावरची माणसे गाड्या काढून निघतात. महाराष्ट्रात रानडुकराचे वाटे पडतात, पिशवीतून पोचवले जातात आणि घेणारा ते मोठ्या फुशारकीने सांगतो. कोंबडी-बकरा परवडत नाही म्हणून कोणी हे खात नाही. दुसऱ्याला मिळत नाही ते मला मिळाले, एवढ्यासाठी खातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार केलेले जनावर आणि त्याचे मांस सरकारी मालमत्ता आहे आणि ते बाळगणे गुन्हा आहे. म्हणजे फ्रीजमध्ये तो वाटा ठेवणारा साहेबही आरोपी आहे. त्याच्या दारात वनरक्षक जात नाही, कारण साहेबाचा फोन वरपर्यंत पोचतो.

मांस न खाणाऱ्यांनीही हात झटकू नयेत. पूजेच्या सामानाच्या दुकानांत 'हत्थाजोडी' नावाची मुळी विकली जाते. घरात ठेवली की पैसा टिकतो म्हणे. ज्या स्वयंपाकघरात अंडे चालत नाही, तिथल्या देव्हाऱ्यात ती लाल कापडात गुंडाळून ठेवलेली असते. २०१७ च्या सुमारास तपासण्यांतून उघड झाले की ही मुळी नसून नर घोरपडीचे कापून वाळवलेले जननेंद्रिय आहे. मांडुळाने गुप्तधन सापडते, दिवाळीला घुबडाचा बळी दिला की लक्ष्मी येते, घोरपडीच्या तेलाने कंबर सुटते, या सगळ्याला गिऱ्हाईक आहे आणि ते गिऱ्हाईक पालावर राहत नाही.

फासामागे एकटा फास लावणारा नसतो, हे आफ्रिकेत वर्षानुवर्षे काम केलेल्या संशोधकांनी अधिक काटेकोरपणे मांडले आहे. झिम्बाब्वेतल्या सावे व्हॅली या संरक्षित क्षेत्रातून २००१ ते २००९ या काळात ८४ हजारांहून अधिक तारेचे फास काढले गेले. त्यातली पुष्कळशी तार आली होती रानाच्याच कुंपणातून. प्राण्यांना राखण्यासाठी उभारलेले कुंपण उपसून त्याचेच फास वळले गेले. आणि हे का घडले याचा शोध घेतला तेव्हा भोवतालच्या माणसांची उपासमार आणि बेकारी पुढे आली, रानातून त्यांच्या पदरात काहीच न पडणे पुढे आले, आणि मांसाला मिळणारा भाव. घानाचा अभ्यास तर त्याहून लांब पोचतो. १९७० ते १९९८ या काळातल्या नोंदी पडताळून जस्टिन ब्रॅशर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले की ज्या वर्षी किनाऱ्यावर मासळी कमी, त्या वर्षी अभयारण्यांत शिकार जास्त. त्याच किनाऱ्यावर युरोपची सरकारी अनुदानावर चालणारी मोठी जहाजे मासळी उपसत होती. युरोपातल्या दुकानात स्वस्त मासळी घेणाऱ्या बाईला घानातले हरीण आपल्यामुळे मेले हे कधी कळलेही नसेल. आपल्याला मात्र कळते. आपला वाटा पिशवीतून दारात येतो.

गुन्हेगार मोठा असला की आपण काय करतो? १९९८ साली जोधपूरजवळ कांकाणीत काळवीट मारल्याच्या खटल्यात बिश्नोई गावकरी वीस वर्षे साक्षीला उभे राहिले. २०१८ साली न्यायालयाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. अपील आहे, त्याचा निकाल न्यायालय देईल. पण जामिनावर तो मुंबईत परतला तेव्हा वांद्र्यात त्याच्या घराबाहेर गर्दीने फटाके फोडले. ते न्यायालयाने फोडले नाहीत, आपण फोडले. तशाच आरोपातून जामिनावर आलेल्या पारध्याच्या पालावर कोणी जमत नाही, त्याला गाव सोडायला लावतात.

सुखनाच्याच कडेला कान्सल गाव आहे. तिथे अभयारण्याच्या हद्दीपासून अवघ्या १२३ मीटरवर बहुमजली वसाहतीचा घाट घातला गेला. जमीन कोणाची? जिचे बहुतेक सभासद पंजाबचे आमदार, अशा गृहनिर्माण संस्थेची. सर्वोच्च न्यायालयाला २०१९ साली तो प्रकल्प रोखावा लागला. कायदे करणाऱ्या माणसांना रान खिडकीतून दिसायला हवे होते, इतकेच. रानालगतच्या गावांच्या मक्यात रात्री डुकरे घुसतात तेव्हा मचाणावर जागायला मात्र शेतकरीच असतो.

याच सुखनाच्या पाणलोटात, टेकड्यांपलीकडे, सुखोमाजरी नावाचे गाव आहे. सत्तरच्या दशकात तलाव भरत चालला तेव्हा चंदीगडच्या मृद्‍ व जलसंधारण संशोधन केंद्रातले पी. आर. मिश्रा गाळाचा माग काढत तिथे पोचले. उघड्या टेकड्यांवर गुरे चारू नका म्हणून सांगणे सोपे होते. पण गुरे सोडली तर ही माणसे खाणार काय? १९७६ पासून गावासाठी छोटे मातीचे बांध घातले, आणि पाण्याचा हक्क प्रत्येक घराला सारखा दिला, जमीन असलेल्याला आणि नसलेल्यालाही. भूमिहीनाला आपले पाणी विकता येऊ लागले. मग गावाने स्वतःहून डोंगर राखला. कुंपण घातले नाही, रखवालदार नेमले नाहीत. गवत आले, झाडे आली, दूध वाढले, गाळ थांबला. आणि गावाच्या संस्थेला या उत्पन्नातून चार पैसे दिसू लागल्यावर सरकारने काय करावे? त्या उत्पन्नावर आयकर लावला.

शहराचा तलाव ज्यांनी वाचवला त्यांना बिल, आणि शहराच्या कडेचे रान ज्यांनी गिळू पाहिले त्यांना रोखायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई. हा न्याय आपण चालवून घेतो आणि वर फासवाल्याला विचारतो की तुला निसर्गाची चाड का नाही.

पुढच्या वेळी शिवालिकमध्ये किंवा विदर्भात फास लावणारा सापडेल तेव्हा वनखात्याने त्याला एकट्याला उभे करू नये. त्याचा मोबाईल तपासून कोणाकोणाला वाटे पोचले त्यांची यादी करावी, आणि त्या प्रत्येकाला, हुद्दा न पाहता, सहआरोपी करावे. मराठी वाचकांनीही लग्नसराईत, शेतावरच्या पार्टीत, कोणी "हे रानातलं आहे" म्हणून पान पुढे केले तर तिथेच सगळ्यांसमोर विचारावे, हे कोणी मारले आणि त्याला त्याचे किती पैसे दिले.