बेल कोणाची?

माझा व्यवसाय ड्रायव्हर दुरुस्त करण्याचा आहे असे म्हटले, की लोक आपल्या मोटारवाल्याच्या तक्रारी सांगू लागतात. वाचकहो, माझा ड्रायव्हर म्हणजे संगणकातली एक आज्ञावली. नेटवर्क, डिस्क, ध्वनी अशा प्रत्येक उपकरणाची देखभाल एकेक ड्रायव्हर करतो, आणि सर्वांवर कर्नल नावाचा कारभारी असतो. हा कर्नल लष्करातला नव्हे बरे!

उपकरणाला काही सांगायचे झाले, की ते बेल वाजवते. तिला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातचे काम टाकून धावतो. पण जुन्या पीसीआय पद्धतीत बेलच्या तारा मोजक्या नि उपकरणे फार. तेव्हा चाळीत तीन बिऱ्हाडांना मिळून एक बेल असावी, तसा प्रकार. बेल वाजली की कर्नल एकेका ड्रायव्हरला विचारतो, ‘तुमच्याकडचे का हो?’ त्याने आपल्या उपकरणातली नोंद पाहून खरे उत्तर द्यायचे, नि आपलेच असेल तर उपकरणाला गप्प करायचे. तोवर ही बेल वाजतच राहते.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्समध्ये असे उत्तर देण्याची पद्धत २००३ साली आली. आता कर्नल हिशेब ठेवतो. एक लाखापैकी ९९,९०० वेळा कोणीच पुढे आले नाही, तर ‘कोणी दखल घेतली नाही’ असा शेरा मारून तो ती बेलच बंद करतो.

मध्यंतरी एक तक्रार माझ्याकडे आली. डिस्क अधूनमधून अडकून बसे. डिस्क निर्दोष होती! दोष होता तिच्याच बेलवर बसलेल्या नेटवर्क-कार्डाच्या ड्रायव्हरचा. कार्ड तीन कारणांनी बेल वाजवी: संदेश आला, संदेश गेला, आणि केबल निसटली. ड्रायव्हर पहिली दोनच पाही. झाडलोट करताना केबल हलली, की तो सांगे, ‘आमच्याकडचे नव्हे.’ बेल वाजतच राही, क्षणात लाखाचा आकडा भरे, कर्नल बेल बंद करी, नि बिचाऱ्या डिस्कची हाक कोणाला ऐकू जात नसे.

‘दर वेळी “आमचेच” म्हणून टाका की!’ असा सल्ला एकाने दिला. त्याने कर्नलचा शेरा थांबला असता, बेल नव्हे. प्रोसेसर नुसता दाराशी धावत राहिला असता. मी चारदोन ओळीच बदलल्या. तिन्ही कारणे तपासायची, उपकरणाला पोच द्यायची, खरे उत्तर द्यायचे, आणि वेळखाऊ काम मागाहून करायचे. डिस्क पुन्हा अडकली नाही.

नव्या यंत्रांत बहुतेक उपकरणांना आपापली स्वतंत्र बेल मिळाली आहे. पण सामाईक बेलच्या चाळीत ज्यांनी दिवस काढले, त्यांना मी काय सांगावे? एकाने दार उघडायचा आळस केला, की खोळंबा शेजाऱ्याच्या पाहुण्याचा होतो.