बघायला आलात की बदलायला?

शिरूरच्या तलाठ्याला जे कळतं ते वेबसाइट लिहिणाऱ्या आमच्या इंजिनियर मंडळींना का कळू नये, असा माझा साधा सवाल आहे. तलाठ्यापुढे उभं राहिलं की पहिला प्रश्न : उतारा की फेरफार? उतारा म्हटला तर सातबारा दाखवून मोकळा. दिवसातून दहादा बघा, बांध इंचभर सरकणार नाही. पण फेरफार म्हटलं की चेहराच बदलतो. नोंदवही निघते, नोटिसा जातात, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडल अधिकाऱ्याची सही.

वेबवरही नेमकी हीच वाटणी आहे हो! ब्राउझरकडून सर्व्हरकडे येणाऱ्या मागणीचा पहिलाच शब्द तिचा प्रकार सांगतो. 'गेट' म्हणजे नुसतं दाखवा, 'पोस्ट' म्हणजे हे घ्या आणि पुढचं करा. 1996 च्या एचटीटीपी 1.0 मध्ये दोन्ही छापलेले आहेत. पीएचपीत तर तो शब्द 'रिक्वेस्ट मेथड' म्हणून आयता हातात मिळतो. तपासायला एक ओळ पुरे. पण नाही! 'चालतंय की' म्हणत खोडाखोडीची कामंसुद्धा साध्या लिंकवर टांगायची.

2005 साली गूगलने 'वेब अ‍ॅक्सिलरेटर' काढला. वाचकाचा वेळ वाचावा म्हणून तो बिचारा पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवी. त्यात 'डिलीट'च्याही लिंका आल्या. लोकांची पानं गायब झाली आणि बोंब गूगलच्या नावाने!

दुसरी एक जमात 'एक्स-रिक्वेस्टेड-विथ' ही चिठ्ठी बघून मागणी अजॅक्सची आहे की नाही ते ठरवते. ही चिठ्ठी जेक्वेरी चिकटवते, 'फेच' आपणहून चिकटवत नाही, आणि लबाड माणूस हवी तेव्हा चिकटवतो. म्हणजे 'साहेबांनी पाठवलंय' म्हणणाऱ्या कोणालाही आत घ्यायचं!

एका पतसंस्थेच्या साइटवर हप्ता भरून मी पान नुसतं रिफ्रेश केलं, तर दुसरा हप्ता गेला. पोस्ट असती तर ब्राउझरने निदान 'पुन्हा पाठवू का?' असं विचारलं असतं. दौंड जंक्शनात गाडी सोलापूरची, मनमाडची की बारामतीची हे बघूनच सांधा बदलतात. 'डबे तर सारखेच दिसतात' म्हणून सोलापूरची गाडी कोणी मनमाडच्या रुळावर घालत नाही. माझा दुसरा हप्ता मात्र अजून कुठल्या तरी सायडिंगला उभा आहे.