सहा म्हाताऱ्यांचा कट

‘भांडवलशाहीवर किंवा इस्रायलवर बोललो की ज्यूद्वेषाचा शिक्का मारतात,’ ही तक्रार डाव्या वर्तुळांत नेहमीची. ती कधीकधी खरीही असते. गाझावरच्या बॉम्बवर्षावाचा, वेस्ट बँकेतल्या वसाहतींचा निषेध म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. तो ज्यूद्वेषच आहे म्हणणाऱ्यांना ठणकावलेच पाहिजे. पण म्हणून डाव्यांमध्ये हा द्वेष शिरतच नाही, हे मला मान्य नाही.

२०१२ साली लंडनच्या ब्रिक लेनजवळ एका भिंतीवर चित्र रंगवले गेले. सहा म्हातारे धनिक पटाभोवती बसलेले, पट वाकलेल्या उघड्या माणसांच्या पाठीवर. त्यांतले काही चेहरे थेट जुन्या ज्यूद्वेषी व्यंगचित्रांतले. हे चित्र पुसायचे ठरले तेव्हा ब्रिटनच्या मजूर पक्षाचे खासदार जेरेमी कॉर्बिन यांनी चित्रकाराची बाजू घेतली; २०१८ मध्ये प्रकरण गाजल्यावर, आपण चित्र नीट पाहिलेच नव्हते, असे सांगत खेद व्यक्त केला. चित्रकार म्हणत होता, विषय वर्गाचा आहे.

वर्ग नाकाच्या ठेवणीत कुठून येणार? तो मालकी, मजुरी, व्याज आणि कायदा यांतून घडतो. ‘भांडवल’च्या १८६७च्या प्रस्तावनेत मार्क्स बजावतो की, व्यक्ती येथे आर्थिक संबंधांच्या प्रतिनिधी म्हणूनच येतात. (त्याच्याच १८४४च्या लेखात ज्यूंविषयी विखारी वाक्ये आहेत, हेही लपवू नये.) सहा जणांच्या कटामुळे जग बिघडले असेल, तर ते सहा हटवले की काम संपले, मग संघटना कशाला, संप कशाला? कटाची कथा व्यवस्थेला निर्दोष सोडते, म्हणून ती डाव्या राजकारणाच्या मुळावरच येते.

‘डावा माणूस वंशद्वेष्टा असूच शकत नाही’ म्हणणाऱ्यांनी १९५२चे प्राग आठवावे. कम्युनिस्ट पक्षाचे माजी सरचिटणीस रुडॉल्फ स्लान्स्की यांच्यासह १४ जणांवर खटला चालला. त्यांपैकी ११ ज्यू. आरोपपत्रात तशी नोंदच होती. ‘झायोनिस्ट कटा’चा आरोप ठेवून १४ पैकी ११ जणांना फासावर चढवले. पुढच्याच जानेवारीत मॉस्कोत बहुतांशी ज्यू असलेल्या डॉक्टरांचा कट ‘उघडकीस’ आला. स्टालिन मेल्यावर महिनाभरात सरकारनेच तो बनावट असल्याचे कबूल केले.

तेव्हा सभेत कुणी ज्यू बँकर घराण्याकडे बोट दाखवत ‘सगळ्यामागे रॉथ्सचाइल्ड’ म्हणाला, तर विचारावे: कोणती बँक, कोणता व्यवहार, कोणता कायदा? कागद दाखवले तर ऐकावे, नाव कुणाचेही निघो. ‘पुरावा मिळत नाही, इतके ते ताकदवान आहेत,’ असे उत्तर आले, तर त्याला तिथेच, सगळ्यांसमोर थांबवावे. तो आपल्या मोर्चातला कॉम्रेड असला तरी.