परताव्याचे आमिष



२०२० सालच्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. हुबळीच्या गोकुळ रोडवरील औद्योगिक वसाहतही थंडावली. ज्या घरी पगार थांबतो, तेथे चार पैसे कोठून येतील काय, इकडे साऱ्यांचे डोळे लागून राहतात. अशाच घटकेला ठकांनी आपले जाळे टाकले.

८ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने पाच लाख रुपयांपर्यंतचे थकलेले आयकर परतावे तत्काळ देण्याचे जाहीर केले. सुमारे १४ लाख करदात्यांना त्याचा लाभ व्हावयाचा होता. बातमी खरी होती; परंतु तिच्याच आडोशाने, आपला परतावा मंजूर झाला आहे, सोबतच्या दुव्यावर माहिती भरा, असे खोटे संदेश येऊ लागले. मे महिन्याच्या आरंभी आयकर खात्याने इशारा दिला की, असले संदेश आमचे नव्हेत. दानधर्मही सुटला नाही. पीएम केअर्स निधीस दिलेल्या देणगीवर करात सूट होती. तेव्हा त्याच्या यूपीआय नावातील केवळ एक 'एस' अक्षर गाळून दुसरे, बनावट नाव पसरविण्यात आले.

साथ ओसरली, ही युक्ती मात्र ओसरली नाही. म्हणून काही खुणा मनाशी पक्क्या असाव्यात. ज्याने विवरणपत्र भरलेच नाही, त्यास परतावा कोठला? ज्याने भरले, त्याचा परतावा त्याने कळविलेल्या बँक खात्यात परस्पर जमा होतो. त्यासाठी आयकर खाते पिन, ओटीपी अथवा कार्डाचा क्रमांक विचारीत नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यास लागतो, घेण्यास नव्हे. शंका आल्यास दुवा दाबू नये. आपल्या कर सल्लागारास किंवा बँकेत जाऊन विचारावे.

शुभवर्तमानातील जक्कय हा मुख्य जकातदार होता. प्रभू त्याच्या घरी उतरला, तेव्हा कोणाचे अन्यायाने घेतले असल्यास चौपट परत करण्यास तो सिद्ध झाला, आणि हे त्याने उघडपणे सांगितले. खरोखर परत देणारा उजेडात देतो; तो आपले गुपित मागत नाही.

आणखी एक. फसलेला मनुष्य, विशेषतः घरातील वडीलधारे, लाजेने गप्प बसतात, आणि तेवढ्या वेळात पैसा हातोहात दूर जातो. बंधुभगिनींनो, लुबाडणे हे पाप आहे, लुबाडले जाणे नव्हे. असे घडताच १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेसही तत्काळ सांगावे. मुलांनीही आईवडिलांना बोल लावू नयेत. जेथे रागाचे भय नसते, तेथे गोष्ट वेळेवर सांगितली जाते.

कष्टाची भाकर राखण्याची सुबुद्धी प्रभू आपणा सर्वांस देवो.