मुलाखत ठेवली, पण विचारायचं काय?

महाबळेश्वरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या महिला मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातल्या नगरसेविकाबाईंची मुलाखत ठेवली आहे. त्या लिहितात, "भाषणं पुष्कळ ऐकली. आता बाईंशी मोकळं बोलायचं आहे. पण प्रश्न काढायला बसलो की 'राजकारणात कशा आलात?' आणि 'आवडता पदार्थ कोणता?' यापुढे गाडीच सरकत नाही. काय विचारावं?"

मैत्रिणींनो, पुरुष पुढाऱ्याला घराबद्दल कोणी काही विचारत नाही आणि बाई पुढारी असली की तिला घराशिवाय दुसरं काही विचारत नाहीत. दोन्ही मुलाखती अर्ध्याच राहतात. माणसाचं सार्वजनिक आयुष्य कुणाच्या तरी संसारावर उभं असतं. तो हिशेब मांडल्याशिवाय मुलाखत पुरी होत नाही.

महाबळेश्वरकरणींना उदाहरण लांब शोधायला नको. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात जिचा उगम मानतात, ती कृष्णा वाईवरून खाली कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि पुढे सांगलीकडे जाते. यशवंतराव चव्हाणांनी आपल्या आत्मचरित्राला तिचंच नाव दिलं, 'कृष्णाकाठ'. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, उपपंतप्रधान अशी पदं भूषवलेला हा माणूस. पण त्या पुस्तकातली सभा-संमेलनं विसरली तरी घरातली माणसं विसरत नाहीत. वडील लवकर गेले. आई विठाईने कष्ट करून मुलांना वाढवलं. २ जून १९४२ ला फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं आणि दोन महिन्यांत 'चले जाव'ची हाक आली. यशवंतराव भूमिगत झाले. १९४३ ची संक्रांत ही वेणूताईंची सासरची पहिली संक्रांत. नव्या नवरीने हलव्याचे दागिने घालायचे, तर त्या दिवशी पोलिसांनी त्यांना अटक केली! नवरा सापडत नाही, म्हणून बायकोला धरली. सुटल्यावर त्या माहेरी आजारी पडल्या. त्यांना भेटायला यशवंतराव फलटणला आले आणि तिथेच पकडले गेले.

हे आपल्याला कळलं ते यशवंतरावांच्या लेखणीतून. कोठडीतल्या त्या पहिल्या रात्री वेणूताईंच्या मनात काय चाललं होतं, ते त्यांना कुणी शेजारी बसून विचारायला हवं होतं. १ जून १९८३ ला त्या गेल्या. 'कृष्णाकाठ' १९८४ साली आलं, ते १९४६ पर्यंत येऊन थांबतं. पुढचे दोन भाग लिहायचं यशवंतरावांच्या मनात होतं, पण त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला तेही गेले. म्हणून म्हणते, विचारायचं ते वेळेवर विचारावं.

वेळेवर विचारल्याने काय हाती लागतं, तेही याच मुलखात दिसतं. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाताई पाटील. नव्वदी ओलांडल्यावरही त्या प्रतिसरकारच्या गोष्टी स्वतःच्या तोंडाने सांगत. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग कसं केलं, सोबत्याने मारल्याचं नाटक केल्यावर पोलीस सोडवायला कसे बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका कशा पळवल्या! सप्टेंबर २०२१ मध्ये हौसाताई गेल्या. कुणी तरी जाऊन बसलं, ऐकलं, म्हणून ही हकीकत त्यांच्याच शब्दांत उरली.

आता तुमच्या नगरसेविकाबाई. १९९३ पासून नगरपालिकांत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. त्यामुळे आज पुढारी म्हणजे कुणी लांबची असामी नाही, आपल्याच गल्लीतली बाई असते. तिला असं विचारा:

निवडणुकीला उभं राहायचं हे घरात प्रथम कोण बोललं? तुम्ही की दुसरं कुणी?

सभा रात्रीपर्यंत लांबली की घरी स्वयंपाक कोण करतं? आधी कोण करत होतं?

पहिल्या सभेत तोंड उघडलं तो विषय कोणता होता? ऐकणाऱ्यांनी काय केलं?

अंदाजपत्रक वाचायला कुणी शिकवलं? न वाचता कधी सही केलीत का?

मे महिन्यात पाहुण्यांनी गाव भरतं, तेव्हा आपल्या नळाला पाणी किती वेळ येतं आणि त्यासाठी तुम्ही काय केलंत?

या कामापायी काय गमावलं? परत उभ्या राहाल का?

प्रश्नांचा क्रम असाच ठेवा. सुरुवात सोपी, अवघड प्रश्न मध्यावर, मनाला लागणारे शेवटी. पाण्याचा प्रश्न मात्र भिडेपोटी गाळू नका. बाईमाणूस म्हणून तिला सांभाळून घेणं हा तिचा मान नव्हे. तिला जाब विचारणं यातच तिचा मान आहे.

शेजारी मिस्टर बसले असतील आणि उत्तरं तेच देऊ लागले, तर त्यांना गोड शब्दांत चहाचं बघायला पाठवावं. बाई उत्तर देताना थांबल्या तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. जरा गप्प बसा. खरी गोष्ट पुष्कळदा त्या थांबण्यानंतरच येते. एखादीने वहीत टिपून घ्यावं किंवा परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावं. छापण्याआधी त्यांना वाचून दाखवावं आणि घरातलं जे त्या 'नको' म्हणतील ते गाळावं. सार्वजनिक कामाचं मात्र गाळू नये.

आणि हो, एक खुर्ची त्यांच्या सासूबाईंसाठी किंवा आईसाठीही ठेवा. दोन प्रश्न त्यांनाही विचारा. मुलाखत कशी झाली ते आम्हाला जरूर कळवा.